दाखला हाती पडला की आधी वाचा!

मैत्रिणींनो, माझ्या धाकट्या जावेच्या मुलाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘कायम’ऐवजी ‘तात्पुरते’ पडले. मुदत सरली नि शिष्यवृत्ती अडली! डॉक्टर भले होते हो. ‘औषध लिहायला शिकलो, फॉर्म भरायला कुणी शिकवलेच नाही,’ म्हणाले. ते शिक्षण कॉलेजातच मिळायला हवे. तोवर आपणच दक्ष राहू.

जुने कागद तारखेवार लावा. जिना, बटण, आंघोळ, मुलाला काय जमत नाही ते चिठ्ठीवर लिहून न्या. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. म्हणून नाव, टक्के, मुदत तिथल्या तिथेच वाचा. पटले नाही, तर रडत बसू नका. कायद्याने अपील करता येते.