शस्त्रक्रिया यशस्वी, दुखणे कोणाच्या खात्यावर?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावतीचा समावेश होता. पुढच्या वर्षी ती अकोल्यासह सर्व महाराष्ट्रात लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया म्हटली की पूर्वी वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबापुढे शेत गहाण टाकण्याचा प्रश्न उभा राहत असे. या योजनेने ती शस्त्रक्रिया अनेकांच्या आवाक्यात आणली, हे तिचे श्रेय कोणालाही नाकारता येणार नाही. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या वाढली, तशी एक तक्रारही दर्यापूर-अकोटपासून वरूड-मोर्शीपर्यंत ऐकू येऊ लागली आहे. हृदय सुधारले, परंतु छातीचे दुखणे महिनोन्महिने जात नाही, आणि ते सांगावयास गेले तर डॉक्टर ऐकून घेत नाहीत, अशी ही तक्रार आहे. ती रुग्णांच्या हळवेपणाची खूण मानून सोडून देणे सर्वथा चुकीचे ठरेल.

या दुखण्यास शरीरात पुरेसे कारण असते. बायपाससाठी छातीचे मधले हाड करवतीने उभे कापावे लागते, दोन्ही बाजू ताणून दूर कराव्या लागतात आणि काम झाल्यावर ते हाड पोलादी तारांनी बांधावे लागते. हाड सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. छातीच्या आतील बाजूची रोहिणी सोडवून घेताना बरगड्यांलगतच्या बारीक मज्जातंतूंना इजा होऊ शकते. पायाची शीर काढताना तेथील मज्जातंतूही दुखावतो. हाड सांधले तरी दुखावलेला मज्जातंतू त्याच्याबरोबर बरा होतोच असे नाही. मग छातीच्या डाव्या भागात आग होणे, विजेसारखी कळ जाणे, अंगातील बनियनचा स्पर्शही न सोसणे, कुशीवर वळता न येणे, घोट्याजवळ बधिरपणा येणे असे प्रकार दिसतात. हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी यांत यातील काहीच उमटत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य म्हणूनच खरे असते, आणि रुग्णाचे सांगणेही तितकेच खरे असते.

हे प्रमाण किती असावे? कॅनडात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या कळेहून वेगळे असे शस्त्रक्रियेचे दुखणे तीन महिन्यांनंतर सुमारे ४० टक्के रुग्णांत होते. सहा महिन्यांनी ते २२ टक्क्यांवर आले, वर्षाअखेर १६ ते १७ टक्क्यांवर आणि दोन वर्षांनी साडेनऊ टक्क्यांवर. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. बहुतेकांचे दुखणे कालांतराने ओसरते, तेव्हा भीतीपोटी आवश्यक शस्त्रक्रिया टाळणे हा शुद्ध अविचार होय. पण दहांपैकी जवळजवळ एकाचे दुखणे दोन वर्षांनीही उरते, ही संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. स्त्रियांत हे दुखणे अधिक आढळल्याचे अनेक अभ्यासांत नमूद आहे, आणि घरात व दवाखान्यात त्यांच्याच दुखण्याला सर्वांत कमी दाद मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस तीत स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. शास्त्राने ज्यास रोग म्हणून नाव दिले, त्यास आपल्या बाह्यरुग्ण विभागांत अजूनही ‘मनाचे खेळ’ म्हटले जावे, हे खेदजनक आहे.

या उपेक्षेचे खापर केवळ डॉक्टरांच्या स्वभावावर फोडून मात्र चालणार नाही. हृदयशल्यविशारदाचे यश मृत्यू टळला की नाही आणि नवी वाहिनी वाहती आहे की नाही, यांवर मोजले जाते. त्याच्या दाराशी शंभर रुग्ण उभे असतात. ज्याच्या जिवाला धोका उरलेला नाही, त्याच्यासाठी त्यास दोन मिनिटेही काढता येत नाहीत. त्यात अंतराची भर पडते. वऱ्हाडातील अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागते. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर आणि अकोल्याहून अडीचशे. गावाकडे परतल्यावर दुखू लागले तर तालुक्याचा डॉक्टर म्हणतो, ‘ऑपरेशन नागपूरला झाले, तेथेच दाखवा’. एसटीचे धक्के सोसत नागपूरला गेले तर तेथे ऐकावे लागते, ‘हृदय उत्तम आहे, आता येण्याचे कारण नाही.’ दोघेही आपापल्या परीने चुकत नसतात, परंतु रुग्ण मात्र मध्येच लोंबकळत राहतो.

या लोंबकळण्याचे परिणाम सौम्य नसतात. ज्याचे ऐकले जात नाही तो औषधाच्या दुकानात जातो आणि डायक्लोफिनॅक किंवा तत्सम वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे विकत घेतो. या गोळ्या हृदयरोग्यास घातक ठरू शकतात. अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांच्या जोडीने त्या पोटात रक्तस्राव घडवितात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. बायपासनंतर लगेचच्या काळात वेदनेसाठी त्या वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. शिवाय मज्जातंतूच्या वेदनेस त्या फारशा लागूही पडत नाहीत. तिची औषधे वेगळी आहेत आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. काहींना मज्जातंतूभोवती इंजेक्शन देऊन आराम पडतो, तर निवडक रुग्णांत खुपणाऱ्या तारा काढल्यानेही. उपाय आहेत, पण त्यासाठी आधी कोणीतरी दुखणे कोठे आहे, कसे आहे, केव्हा वाढते, एवढे तरी विचारले पाहिजे. याच विचारपुशीतून धोक्याची लक्षणेही उघड होतात. जखमेतून पू येणे, ताप, हाड हलल्याचा किंवा कटकटल्याचा भास, चालताना छाती आवळणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब परवडणारा नसतो. सरसकट ‘काही नाही’ म्हणणाऱ्या दवाखान्यात ही लक्षणेही नजरेआड होण्याची भीती असते.

या प्रश्नास अर्थशास्त्राचीही एक बाजू आहे. योजनेत शस्त्रक्रियेचे मोल एकरकमी ठरलेले असते. मूळ रचनेनुसार रुग्णास घरी सोडल्यापासून दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे त्या मोलात धरलेली होती. त्यापुढील वेदनेचा खर्च नाहीसा होत नाही. तो रुग्णालयाच्या वहीतून निघून कुटुंबाच्या वहीत जातो. पंधरा-वीस किलोंचा फवारणीचा पंप पाठीवर घेता येत नाही, म्हणून कपाशीच्या हंगामात रोजाने माणूस लावावा लागतो. सोयाबीनचे पोते उचलता येत नाही. बरोबर यावे लागते म्हणून पत्नीची किंवा मुलाची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नसल्यामुळे योजना आहे त्याहून स्वस्त भासते. आणि त्याची आणखी एक किंमत आहे: ‘बायपास केला आणि माणूस कामातून गेला’ हा समज गावात पसरतो, आणि ज्याला शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे असा शेजारी ती पुढे ढकलीत राहतो.

कायद्याची दिशा याबाबत संदिग्ध नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास तिचे स्वरूप, लाभ, पर्याय आणि महत्त्वाचे धोके समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. अगदी दूरच्या शक्यता सांगण्याची आवश्यकता नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. परंतु दर दहांपैकी चौघांना तीन महिन्यांनी जाणवणारी वेदना ही दूरची शक्यता म्हणता येईल काय? जिची पूर्वकल्पना दिलेली असते ती वेदना माणूस धीराने सोसतो. न सांगता आलेली वेदना त्यास शस्त्रक्रिया बिघडल्याचे लक्षण वाटते, आणि त्या भयाने ती अधिकच असह्य होते.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. योजनेच्या आरंभीच १२१ पाठपुरावा उपचारांची तरतूद होती. म्हणजे शस्त्रक्रियेबरोबर जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व शासनाने तेव्हाच मान्य केले आहे. त्याच तत्त्वानुसार हृदयशस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची तीन महिन्यांनी आणि वर्षाने वेदनेविषयी चौकशी करून नोंद ठेवणे बंधनकारक करावे. दुखण्याचे कोणते स्वरूप अपेक्षित, कोणते धोक्याचे, कोणत्या गोळ्या वर्ज्य, हे साध्या मराठीत लिहिलेला एक कागद घरी जाताना रुग्णाच्या हाती द्यावा. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथे आठवड्यातून एक दिवस वेदना बाह्यरुग्ण विभाग चालवावा. तेथे भूलतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि वैद्यक विभागाचा डॉक्टर एकत्र बसावेत, म्हणजे तेल्हाऱ्याच्या किंवा धारणीच्या माणसास निदान पहिल्या चौकशीसाठी तरी नागपूरची वाट धरावी लागणार नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनीही ‘तेथेच दाखवा’ म्हणण्याऐवजी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयास दोन ओळी लिहाव्यात आणि त्या रुग्णालयाने त्यांस उत्तर द्यावे.

वऱ्हाडातील माणूस दुखण्याचा बोभाटा करणारा नाही. उलट फार उशिरा बोलतो. तो जेव्हा बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे केसपेपरवर लिहिले जावे, एवढी त्याची अपेक्षा आहे, आणि ती वाजवी आहे. योजनेचे यश किती शस्त्रक्रिया झाल्या यावर आजवर पुष्कळ मोजून झाले. त्यांतील किती माणसे पुढच्या खरिपात आपल्या शेतात उभी राहू शकली, याचाही हिशेब आता शासनाने मागावयास हवा.