कोर्टाची तारीख आणि घरातला मोबाईल



परवा विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतल्या एक मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. धुणीभांडी करून दोन मुलांना शिकवणारी बाई. नवऱ्याविरुद्ध पोटगीचा अर्ज केलेला. मधली एक तारीख हुकली आणि पुढच्या खेपेस गेल्या तेव्हा कळले, गैरहजेरीमुळे अर्जच काढून टाकला! तारखेची चिठ्ठी पावसात भिजून गेली होती. अर्जावर मोबाईल नंबर होता भावाचा, आणि भावाने सीमकार्ड बदलून वर्ष झालेले.

अशा वेळी ‘आपली माणसे बेफिकीर’ असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ असतात. आम्हाला ते पटत नाही. पोटामागे धावणाऱ्या माणसाला तीन महिन्यांनंतरची तारीख ध्यानात राहत नाही, हा काही गुन्हा नव्हे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा अनुभव हेच सांगतो. तेथे किरकोळ गुन्ह्यांचे समन्स मिळालेली हजारो माणसे कोर्टात येत नसत आणि त्यांच्यावर वॉरंट निघे. मग तारखेपूर्वी मोबाईलवर संदेश धाडले गेले. केव्हा, कुठे यायचे आणि न आल्यास काय होईल, एवढेच त्यात साध्या भाषेत असे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार गैरहजेरी सुमारे २१ टक्क्यांनी घटली. नुसता समन्सचा कागद सोपा केला, तरी १३ टक्क्यांनी घटली. म्हणजे बरीच माणसे कोर्ट चुकवत नव्हती, विसरत होती.

आपल्याकडेही ई-कोर्ट योजनेत नोंदवलेल्या मोबाईलवर संदेशाची सोय आहे. प्रत्येक प्रकरणाला सीएनआर नावाचा १६ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. त्यावरून पुढची तारीख मोबाईलवरही पाहता येते. पण नंबरच चुकीचा असेल, तर संदेश बिचारा काय करणार?

म्हणून प्रत्येक घराने एवढे करावे :

१) वकिलाला भेटून कोर्टात आपलाच चालू नंबर नोंदवलेला आहे ना, हे पाहावे. नंबर बदलला की लगेच कळवावे.

२) सीएनआर क्रमांक वहीत लिहून ती वही कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी.

३) शिकणाऱ्या मुला-मुलीकडे संदेश वाचण्याचे काम द्यावे. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी.

४) संदेश आला नाही म्हणून तारीख नाही, असे समजू नये. आठवडाभर आधी वकिलाला विचारावे.

५) तारीख हुकलीच तर घरी रडत बसू नये. दिवाणी दावा गैरहजेरीत खारीज झाला, तर तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा मदतीचा नंबर.

अत्याचाराच्या खटल्यात तर ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ प्रमाणे पीडिताला प्रत्येक सुनावणीची, आरोपीच्या जामिनाचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळालीच पाहिजे. ती मिळाली नाही तर न्यायाधीशांपुढे तसे सांगावे.

आणि ज्यांच्या घरी मोबाईल नाही, त्यांचे काय? विहारातल्या फळ्यावर वर्गणीची यादी लागते. महिला मंडळाने एक वहीही ठेवावी. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपली तारीख त्यात लिहावी, आणि आदल्या संध्याकाळी कुणीतरी दारात जाऊन आठवण द्यावी. प्रकरण कशाचे, हे विचारू नये.

मावशींचा नवा अर्ज आता दाखल झाला आहे. या वेळी नंबर त्यांचा स्वतःचा आहे, आणि संदेश वाचायला नववीतली लेक आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!