शिसे कोणाच्या वाट्याला?

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याला विजेचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज देण्याच्या पद्धतीने विंचूकाट्याच्या भयातील रात्रीची पाणीपाळी त्याच्या माथी मारली. दिवसा सौर वीज देण्याची योजना २०१७ मध्ये निघाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तथापि सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून ‘शिसेमुक्त सिरॅमिकमध्ये वीज साठवणार’ अशी बातमी वाचली की आशा पालवते. या आशेची नीट पारख करणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

बाह्य विद्युत्‌दाब दिला असता ज्यांच्यातील धन व ऋण भार एका दिशेने सरकतात आणि दाब काढल्यावरही काही अंशी तसेच राहतात, ते फेरोइलेक्ट्रिक पदार्थ होत. १९४० नंतरच्या दशकात बेरियम टायटनेटचा हा गुण उजेडात आला. त्यात शिशाचा कणही नाही. पुढे १९५० नंतर शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे सिरॅमिक आले. ते अधिक गुणी ठरले आणि विशेषतः संवेदक व कंपक यांच्या उद्योगाने ते उचलले. या सिरॅमिकच्या वजनात सुमारे ६० टक्के शिसे असते. भट्टीत शिशाच्या ऑक्साइडची वाफ होते. ती वाफ कोणाच्या फुफ्फुसात जाते, याचा हिशेब मालाच्या किमतीत धरलेला नसतो.

आता साठवणुकीचा हिशेब पाहावा. वीजबिलातील एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एका घनसेंटिमीटरमध्ये ३ ज्यूल साठवणारे सिरॅमिक घेतले, तर एका युनिटसाठी १,२०० लिटर सिरॅमिक लागेल. त्याचे वजन कित्येक टन भरेल. पाच अश्वशक्तीचा पंप तासाभरात तीन युनिटांहून अधिक वीज ओढतो. तेव्हा या सिरॅमिकवर रात्रभर पंप चालेल असे सांगणारा शेतकऱ्याची फसवणूक करतो.

मग याचे मोल काय? बॅटरी पुष्कळ साठवते, पण सावकाश देते. सिरॅमिकचा कपॅसिटर थोडेच साठवतो, पण क्षणाच्या लक्षांश भागात देतो व परत घेतो. सौर वीज पंपाजोगी करणाऱ्या यंत्रणेला, विजेवरील वाहनांना अशा कपॅसिटरांची गरज असते. साधे सिरॅमिक कपॅसिटर आजही बेरियम टायटनेटचेच असतात. परंतु उच्च दाब व उष्णता सोसणाऱ्या काही प्रकारांत शिसे शिरले आहे. खरी झुंज तेथे आहे. बिस्मथ-सोडियम टायटनेट, सिल्व्हर नायोबेट यांसारखे पर्याय शास्त्रज्ञ तपासत आहेत.

कायद्याने काय केले? युरोपीय संघाने २००३ मध्ये विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले, ते २००६ पासून अमलात आले; भारतातही २०१२ पासून तसे नियम लागू झाले. दोन्हीकडे सिरॅमिकमधील शिशाला मात्र सूट मिळाली. कारण दिले गेले ते योग्य पर्याय नसल्याचे. पर्याय शोधण्यास पैसा न द्यायचा आणि पर्याय नाही म्हणून सूट चालू ठेवायची, हे चक्र उद्योगाच्या सोयीचे आहे. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाची चिंताजनक मात्रा असल्याचे युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने सांगितले. त्यात मोठा वाटा जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्याचा आहे. सिरॅमिकमधील शिसे त्या मानाने अल्प असले तरी न्याय एकच: विष वापरणाऱ्याने ते आवरण्याचा खर्च सोसावा.

हे संशोधन केवळ महानगरांचे नव्हे. पूड घोटणे, गोळ्या दाबणे, सुमारे १,३०० अंशांच्या भट्टीत त्या कित्येक तास भाजणे आणि मोजमाप करणे, एवढे काम जिल्ह्याच्या महाविद्यालयातही होऊ शकते. मात्र वीज मध्येच गेली तर भट्टीतला घाणा वाया जातो. वीज साठवण्याचा अभ्यास विजेअभावी अडावा, यासारखी विटंबना नाही.

मराठवाड्याच्या जनतेने लढा दिला, म्हणून १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ मिळाले. बियाण्याचे विज्ञान जिल्ह्यात आणणाऱ्या जनतेने पदार्थांच्या विज्ञानाचाही आग्रह धरावा. प्रयोगशाळेला अखंड वीज, संशोधक विद्यार्थ्याला वेळेवर विद्यावेतन आणि शिशाच्या सवलतीला ठरलेली अंतिम मुदत, या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडाव्यात.