घटिका आणि घड्याळ

यंत्र माणसाचे श्रम हलके करते, एवढीच त्याची ओळख सहसा करून दिली जाते. ते माणसाची दृष्टीही बदलते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. कालमापनाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे.

आपल्या परंपरेत दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. अहोरात्राच्या ६० घटिका, एका घटिकेची ६० पळे. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, पूर्ण होई. ज्या गावाचा सूर्य, त्या गावाची वेळ. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली आणि पुढे लोहमार्गांचे जाळे पसरले. वेळापत्रकाला गावोगावचे निराळे मध्यान्ह परवडणारे नव्हते. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. परक्या सत्तेने लादलेली ही वेळ मुंबईने सहजी स्वीकारली नाही; महापालिकेने ‘मुंबई टाइम’ पुढे अनेक वर्षे जपला. अखेर एका वेळेने देश जोडला, हेही खरे. हिंदू समाजाने घड्याळ स्वीकारले, पण पंचांग टाकले नाही. आज मुहूर्त तास-मिनिटांत छापला जातो. तो पाहण्याची श्रद्धा मात्र जुनीच आहे. परके यंत्र पचवण्याची ही आपली रीत.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हाही हेच दिसले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, एका संचासमोर सारी आळी बसे. यंत्र नवे होते, पण त्याने समाज एकत्र आणला.

हातातला मोबाइल याच्या उलट दिशेने चालतो. ज्याने काल जे पाहिले, त्याच जातीचे आज त्याच्यापुढे येते. एका घरातली चार माणसे चार जगांत वावरतात आणि त्यांच्या लक्षाचा व्यापार दूर कुठेतरी चालतो. आजीची गोष्ट, देवघरातली सांजवात, जेवताना होणारी चर्चा यांतून संस्कार आपोआप झिरपत असत. ती वाटच आता अरुंद होत आहे. कार्यकर्तेही याला अपवाद नाहीत. एका क्षणात शंभर जणांना संदेश धाडणारा महिनाभरात एकाच्याही घरी जात नसेल, तर त्याला संपर्क म्हणता येणार नाही. खातरजमा न करता पुढे ढकललेला मजकूर विचाराची विश्वासार्हताच घालवतो.

मोबाइल फेकून देणे हा उपाय नव्हे. घड्याळाप्रमाणे तोही पचवावा लागेल आणि त्यासाठी स्वतःचे मोजमाप हवे. प्रत्येक घराने दिवसातील एक घटिका मोबाइल बाजूला ठेवून एकत्र बसण्यासाठी राखावी. चोवीस मिनिटे फार नाहीत. तेवढीही काढता येत नसतील, तर यंत्र कोणाच्या हातात आहे आणि कोण यंत्राच्या हातात आहे, याचा विचार घराघराने करण्याची वेळ आली आहे.