‘ऑल-सीझन’ टायर घेताय? आधी विचारा, सीझन कुणाचे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ५,००० रुपये असलेला टायर ६,४०० ऐवजी ५,९०० ला, म्हणजे चार टायरमागे दोन हजार वाचले. आमच्या सावद्यात पप्पांनीही लगेच गाडीचे टायर बदलायचं काढलं. दुकानातूनच व्हॉट्सॲपवर फोटो आला : “ऑल-सीझन आहे म्हणतोय. बाराही महिने चालतो. घेऊ का?”

मी पुण्यात बसून फोटो झूम केला. उत्तर टायरच्या नावात नव्हतं, बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत होतं. पण आधी ही नावं समजून घेऊ.

सगळा खेळ ७ अंशांचा

युरोप-अमेरिकेत टायर निवडताना साधारण ७ अंश सेल्सिअस ही रेघ धरतात. त्याखाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असतं, म्हणजे बर्फावरची चाचणी तो पास झालाय. ऑल-वेदर टायर वर्षभर वापरायचा असतो, पण हे चिन्ह त्यावरही असतं. ऑल-सीझनवर बहुतेक वेळा नुसतं ‘एम+एस’ असतं. ‘चिखल आणि बर्फ’ असा त्याचा अर्थ, पण त्यासाठी बर्फावरची ती चाचणी लागत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त हिमकणाचं चिन्हच धरलं जातं. म्युनिकमधल्या माझ्या मित्रासाठी हा फरक दंडाचा आणि जिवाचा आहे.

सावद्याचं गणित वेगळं

आमच्याकडे जानेवारीत पहाटे केळीच्या बागांत हुडहुडी भरते, पण दुपारी स्वेटर काढावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो आणि भरदुपारी डांबर ६० अंशांपुढे तापतं. अशा रस्त्यावर विंटर टायरचं मऊ रबर लवकर झिजतं आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. पावसाळ्याचं काय? आपला पाऊस बर्फाळ नसतो. तिथे मऊ रबर नको, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा हव्यात. आपल्याकडे साध्या गाडीला लागून येणारा टायर या वर्गवारीत उन्हाळी टायरच्या जवळ बसतो, आणि आपल्याला तोच योग्य आहे. सावद्याहून केळी घेऊन काश्मीरकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याचा प्रश्न वेगळा. तुमची गाडी बर्फात जाणार नसेल तर हिमकणासाठी जादा पैसे मोजू नका.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची?

हा सल्ला प्रत्येक गावात मिळतो आणि तो उलटा आहे. २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब साधारण ३९ होतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते. वर पूर्ण भरलेली गाडी आणि समृद्धी महामार्गासारखा तासन् तास एकाच वेगात धावायचा रस्ता असेल, तर टायर फुटायची तयारी आपणच करून ठेवलेली असते.

फोटोत काय दिसलं

डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे : २३२१. म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. टायर ‘नवा’ होता, पण चार उन्हाळे दुकानात काढलेला. रबर न वापरताही म्हातारं होतं आणि उष्णतेत ते लवकर होतं. करकपातीनंतर गर्दी वाढली की जुना माल आधी खपवला जाणं स्वाभाविक आहे.

म्हणून दुकानात मोबाइल बाहेर काढा आणि हे बघा :

- तारीख : चारही टायरचा कोड वेगवेगळा बघा. स्टेपनीचाही.
- टेम्परेचर : बऱ्याच टायरवर ए, बी किंवा सी कोरलेलं असतं. उष्णता सोसण्यात ‘ए’ सगळ्यात वरचा.
- भार आणि वेग : साइजपुढचा आकडा आणि अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको.
- खाच : जुना टायर १.६ मिलिमीटरपर्यंत झिजला की कायद्यानेही बाद. पावसाळ्याआधी तर तिथपर्यंत थांबूच नका.
- हवा : सकाळी, गाडी चालवण्याआधी. दर पंधरा दिवसांनी.

पप्पांना एवढंच लिहिलं : “पंचवीस सालचा मागा.” दुकानदार आत गेला आणि त्याच कंपनीचे, त्याच किमतीचे, तीन महिन्यांपूर्वी बनलेले चार टायर घेऊन आला. ते आतच होते, फक्त कुणी मागितले नव्हते.