तेराव्याचे कर्ज आणि सुधारकांचे प्रवचन

खेड्यातील मजुराच्या घरी माणूस गेला आणि तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून झाल्या, की हिशेब सुरू होतो. दहाव्याला नदीकाठी पिंड, भटजीची दक्षिणा, बाराव्याला सपिंडी, तेराव्याला भावकीसह गोडाचे जेवण. या कामासाठी बँक कर्ज देत नाही, सावकार देतो. हा खर्च अनुत्पादक आहे हे अर्थशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगेल. तेवढ्यावरून गरिबाच्या अज्ञानावर प्रवचन झोडणे हा आपल्या सुशिक्षित सुधारकांचा आवडता उद्योग होऊन बसला आहे.

वस्तुतः मजूर अज्ञानी नाही. तेरावे न घालणाऱ्याच्या घरी उद्या सोयरीक कोण आणणार, अडीनडीला हातउसने कोण देणार, हे तो पुरते जाणतो. ते जेवण हा त्याच्या दृष्टीने गावातील पत राखण्याचा हप्ता असतो, आणि तो एकट्याने चुकवला तर शिक्षाही एकट्यालाच भोगावी लागते. अशा रूढीविरुद्धचा लढा ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवणे म्हणजे संप प्रत्येक कामगाराने आपापल्या घरी बसून करावा, असे सांगण्यासारखे आहे.

जोतीराव फुले यांना हे कळले होते. पुरोहितावाचून विधी करायचे तर पाठीशी संघटना हवी, म्हणून १८७३ साली सत्यशोधक समाज उभा राहिला. न बोलावलेल्या गावजोशालाही दक्षिणा वसूल करण्याचा हक्क न्यायालये मान्य करीत, असा तो काळ होता! पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान नाकारणारी आहे, तर आठवी ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म न करून घेण्याची. लाखोंनी एकमेकांच्या साक्षीने ती घेतल्यामुळे पिंड न घालणारा एकटा पडला नाही. धर्मांतराचा हा अर्थशास्त्रीय पैलू अभ्यासकांनी फारसा विचारात घेतलेला नाही.

परंतु येथेच एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. त्रिशरण, पंचशील आणि चार शब्दांची आदरांजली एवढ्यावर भागणाऱ्या बौद्ध कुटुंबांतही जलदान विधीच्या निमित्ताने मांडव आणि पंगती शिरल्या आहेत. भटजी गेला, पंगत राहिली. ज्यांनी पिंडाचे ओझे फेकले त्यांनी आचाऱ्याचे बिल का उचलावे?

विधवेची कथा तर याहून कठोर. तिच्या बांगड्या फोडायला पैसा लागत नाही, म्हणून अर्थशास्त्र्यांनाही ती दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाला त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढावे लागले. ठराव गावाचा होता, हेच त्याचे बळ. उपदेशाने जे साधले नव्हते ते निदान गावापुढे मांडले तरी गेले.

आता प्रश्न कार्यकर्त्यांचा. पश्चिम महाराष्ट्रातील दशक्रियेच्या घाटावर निवडणुकीच्या वर्षी कावळ्याच्या आधी पुढारी हजर असतो. श्रद्धांजलीचे भाषण करतो, पुढच्या घाटाकडे निघतो. त्या भाषणात तेराव्याच्या कर्जाचा उल्लेख कोणी केला आहे काय? गावकुसाबाहेरच्यांना अजूनही वेगळे स्मशान का, असे तेथे उभे राहून कोणी विचारले आहे काय? येत्या ग्रामसभेत हे दोन्ही विषय मांडण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.