किल्ल्यासमोरची पाटी

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी शेजारचा चौथीतला पोरगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हातात स्केचपेन, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. म्हणाला, "अक्का, किल्ल्याची माहिती लिहून दे की. बघायला लोक येणार आहेत."

मी म्हटलं, "तूच लिही की रे. किल्ला तुम्ही केलाय, माहिती मी कशाला लिहू?"

तो जरासा हसला. "मला मराठी लिवायला येत नाही, अक्का."

हा पोरगा दिवसभर मराठीत बोलतो. मराठीत भांडतो, मराठीत रडतो, आज्जीकडून पैसे काढायचे असले की अगदी गोड मराठी बोलतो. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं दुसरी भाषा कन्नड. मराठी त्याच्या वहीत कधी आलीच नाही. मी घाईत होते. पुठ्ठा घेतला आणि दहा मिनिटांत झोकात लिहून दिलं : प्रतापगड, बांधणी १६५६, अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९. खाली रेघ मारली, कोपऱ्यात भगवा काढला. तो खूष होऊन पळाला. मीसुद्धा खूष.

दोन दिवसांनी स्पर्धेचे परीक्षक आले. किल्ला बघून मान डोलावली, बुरुजांचं कौतुक केलं. मग त्यातल्या एका काकांनी सहज विचारलं, "बाळ, पाटीवर काय लिहिलंय वाच बघू." पोरगा पाटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघायला लागला.

दोस्तांनो, त्या दिवशी नापास तो झाला नाही, मी झाले. हा लेख त्या पाटीबद्दल आहे.

बेळगावची दिवाळी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे वडगाव, शहापूर, अनगोळ या भागांत दिवाळी म्हणजे गल्लोगल्ली किल्ले. दगड-विटांचा सांगाडा रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, मातीनं लिंपायचं, उतारावर मोहरी नाहीतर अळीव पेरायचं. दोन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. वर सिंहासनावर महाराज, खाली तटावर मावळे, पायथ्याला आरशाच्या तुकड्याचं तळं. फराळ झाला की संध्याकाळी अख्खं घर चालत निघतं, या गल्लीतून त्या गल्लीत. आज्जी, आत्या, कडेवरची पोरं, सगळे. ओळखीपाळखीचे लोक रस्त्यात भेटतात, कुणाच्या तरी कट्ट्यावर बसून चकली खाल्ली जाते. तिकीट नाही, पास नाही, व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत. आपल्या उपनगरातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सहल आहे.

आता या सहलीचं काय होऊ लागलंय तेही बघा. मोकळे प्लॉट संपले. जिथं आम्ही लहानपणी माती उकरायचो तिथं आता अपार्टमेंटचं पार्किंग आहे आणि तिथं चिखल केला तर वॉचमन ओरडतो. बाजारात तयार बुरूज मिळतात, तयार दरवाजे मिळतात, आणि पैसे टाकले तर तयार अख्खा किल्लाही मिळतो. त्यात आपल्याकडे शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला पडते, दिवाळीला हातात मोजकेच दिवस. मग पोरांना वेळ मिळत नाही म्हणून दादा-काका मंडळी हात घालतात. किल्ला मोठा होतो, लाइटिंग होतं, धबधबा होतो, साउंड होतो. पोरं बाजूला उभी राहून मोबाईलवर फोटो काढतात. आणि पाटी माझ्यासारखी कुणीतरी अक्का लिहून देते.

म्हणजे कार्यक्रम दरवर्षी मोठा होतोय आणि त्यातलं पोरांचं काम दरवर्षी कमी होतंय. किल्ला त्यांचा, पण माती आमची, बुद्धी आमची, अक्षरही आमचंच.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. सीमाभागातल्या पोरापोरींना हा विषय घरातूनच सुरू होतो. राज्य पुनर्रचना १९५६ची, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा, हे आपल्याला अभ्यासक्रमाच्या आधीच पाठ असतं. कॉलेजात मी राज्यघटनेचं कलम ३५० अ शिकले. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं करावा, असं ते कलम सांगतं. त्यावर मी असाइनमेंट लिहिली, निवेदनांवर सह्या केल्या, पुढेही करेन. मराठी शाळेला शिक्षक द्या, मराठीतून परिपत्रकं द्या, ही मागणी हक्काची आहे आणि ती सोडायची नाही.

पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी माझ्या दारात उभा असलेला पोरगा त्या कलमात कुठंच बसत नव्हता. त्याला मराठी शाळा कुणी नाकारली नव्हती. त्याच्या आईबाबांनी इंग्रजी शाळा निवडली होती, आणि का निवडली हे मला कळतं. आपल्यातल्या कितीतरी घरांनी तेच केलंय. त्यांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. कलम ३५० अ सरकारला सांगतं, घराला नाही सांगू शकत. शाळेतनं सुटलेलं मराठी मग येणार कुठून? घरात बोलणं येईल, पण लिहिणं-वाचणं? ते गल्लीतच यायला पाहिजे. आणि गल्लीत वर्षातून एकदा एक पुठ्ठा आपणहून आला होता, तो मी त्याच्या हातातून काढून घेतला.

कुणी म्हणेल, "एवढ्याशा पाटीचं काय घेऊन बसलीस गं? एक नोव्हेंबरला फेरीत हजारो लोक येतात ते बघ." बघते की. मीही जाते, काळी फीत लावून सायकलवर जाते. पण फेरीत घोषणा द्यायला अक्षर यावं लागत नाही. पुढं कोण तरी म्हणतो, मागून आपण म्हणतो. वीस वर्षांनी निवेदन लिहायचं असेल, गल्लीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं असेल, वाचनालयाचा हिशोब ठेवायचा असेल, तेव्हा ते लिहिणार कोण? आजचा चौथीतला पोरगाच ना? की तेव्हाही तो कुणा अक्काचं दार वाजवणार?

म्हणून यंदा गल्लीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. पंच कमिटीची मोठी माणसं, युवक मंडळाची पोरं, मागं आम्ही चार-पाच जणी. मी म्हटलं, या वर्षी किल्ला बांधायच्या आधी किल्ला बघायला जाऊया. दसऱ्याच्या सुट्टीतले दोन रविवार द्या. एक काका म्हणाले, "किल्ला बघायचा तर रायगडला जाऊया की, बस करूया." हे आपलं नेहमीचंच. मोठं काहीतरी, लांब कुठंतरी, आणि मग पैसे जमले नाहीत म्हणून रद्द.

मी विचारलं, "काका, आपला बेळगावचा भुईकोट आतून किती पोरांनी बघितलाय?" कुणाचा हात वर झाला नाही. बसमधून खंदक सगळ्यांनी बघितलाय, किल्ला तलावावर भेळ सगळ्यांनी खाल्लीय. आतली कमल बस्ती, साफा मशीद, दुर्गादेवीचं मंदिर एका फेरीत चालत बघता येतं, पण ते मोजक्यांनीच बघितलंय. रट्ट राजांच्या काळापासूनचा हा किल्ला. पुढे आदिलशाही आली, मराठे आले, १८१८ साली मन्रोनं वेढा घालून तो इंग्रजांकडे नेला. एका तटबंदीच्या आत जैन बस्ती, मशीद आणि मंदिर आजही उभी आहेत. किती माणसं, किती भाषा या खंदकावरून आत-बाहेर गेल्या असतील याचा विचार पोरांनी तिथं उभं राहून करावा. पुस्तकातला नकाशा बघून तो होत नाही.

दुसरा रविवार राजहंसगडाचा. येळ्ळूर रोडला शिवाराच्या कडेला उभं राहिलं की समोर दिसतो तो. आमची पोरं दरवर्षी प्रतापगड करतात, सिंधुदुर्ग करतात, आणि रोज डोळ्यांसमोर असलेला गड एकदाही करत नाहीत. २०२३च्या मार्चमध्ये तिथल्या शिवरायांच्या पुतळ्याचं काही दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण झालं, एकदा एका पक्षाकडून, एकदा दुसऱ्याकडून. पुढारी दोनदा चढून गेले. आमची गल्ली एकदाही एकत्र गेली नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. डबे आपापले. तटावर बसून पोरांनी वहीत बुरूज मोजायचे, दरवाजा कुठल्या बाजूला वळतो ते काढायचं, आतल्या सिद्धेश्वराच्या मंदिराची आणि पाण्याच्या जागांची नोंद करायची. मग खाली येऊन तोच किल्ला गल्लीत बांधायचा.

खूप चर्चा झाली. पैसे मिळाले नाहीत, ते साउंडला आधीच ठरले होते. पण दोन रविवार मिळाले, आणि स्पर्धेचे तीन नियम मंजूर झाले. एक, मोठ्यांनी फक्त जड दगड उचलायचे, बाकी सगळं पोरांचं. दोन, पाटी पोरांनी स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहायची, चुकलं तर चुकलं. तीन, परीक्षक पाटी वाचायला लावणार आणि त्यावर प्रश्न विचारणार. प्रश्नांचे मार्क लाइटिंगपेक्षा जास्त.

या नियमांबरोबर आणखी एक गोष्ट ठरली, आणि ती माझ्या डोक्यात नव्हतीच. किल्ल्याच्या कामात म्हटलं की मुलगे पुढं आणि मुलींनी रांगोळी काढायची, ही आमच्या गल्लीची जुनी वाटणी. मी लहान असताना मलाही रांगोळीलाच बसवलं होतं. गेल्या वर्षी मात्र माती कालवायला सगळ्यात जास्त राबली ती आमच्या शेजारच्या कन्नड घरातली सहावीतली मुलगी. तिच्या शेतातनं माती आली, तिच्याच बाबांनी पोती दिली. मीटिंग संपताना ती दारात उभी होती. म्हणाली, "अक्का, पाटी मी कन्नडात पण लिहू काय? आमची अज्जी येते बघायला." युवक मंडळाची पोरं एकमेकांकडे बघू लागली. मला एक क्षण उत्तर सुचलं नाही, हे कबूल करते. मग पंचातले सगळ्यात म्हातारे आजोबाच म्हणाले, "लिही की बाळ. आधी मराठी, खाली कन्नड. तिच्या आज्जीला किल्ला कळला तर आपलं काय जातंय?"

काहीच जात नाही. आपली भाषा सरकारी फलकावर असावी ही आपली मागणी आहे. शेजारच्या आज्जीला तिच्या भाषेत वाचता यावं हीसुद्धा तीच मागणी आहे, फक्त उलट्या बाजूनं. आपल्याला जे हवंय ते आपण आपल्या गल्लीत आधी देऊन दाखवलं, तर मागताना आवाज जास्त सरळ निघतो.

हे वाचणारे तुम्ही खानापूरचे असाल, निपाणीचे असाल, बिदर-भालकीचे असाल, कारवारचे असाल. तुमच्या आसपासही किल्ला आहेच. बिदरचा भला मोठा किल्ला आहे, भालकीचा आहे, कारवारला सदाशिवगड आहे. खानापूर तालुक्यातला भीमगड अभयारण्यात येतो, तिथं जायचं तर आधी वनखात्याला विचारा. किल्ला नसेल तर जुनी विहीर असेल, वाचनालय असेल, जत्रेचा माळ असेल. हिवाळ्यात आपल्या खेड्यांत साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, तिथं पोरांना नुसतं लेझीम खेळायला उभं करू नका. दिंडीतलं एक पुस्तक त्यांना निवडू द्या, घरी नेऊन वाचू द्या. मोठी वर्गणी नको, पाहुणा नको, बॅनर नको. एक रविवार, दहा पोरं आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःची वही एवढं पुरे. आणि आपण मोठ्यांनी, विशेषतः माझ्यासारख्या शिकलेल्या अक्का-दादांनी, हात मागं घ्यायला शिकायचं. ते सगळ्यात अवघड आहे. दहा मिनिटांत आपण सुंदर करून देतो, आणि पोराची शिकायची एक संधी जाते.

शेजारचा पोरगा आता पाचवीत गेला. गेले दोन महिने संध्याकाळी अर्धा तास माझ्या कट्ट्यावर बसतो. जोडाक्षरांना वैतागतो, "इंग्रजीत असलं काही नसतं" म्हणतो. काल त्यानं यंदाच्या पाटीचा कच्चा मसुदा आणून दाखवला. राजहंसगडातला अनुस्वार विसरलाय. येळ्ळूरला एकच ळ दिलाय. अक्षर डोंगरासारखं वर-खाली.

माझ्या हातात पेन होतं. मी ते खाली ठेवलं आणि त्याला म्हटलं, "आता मोठ्यानं वाच बघू."

त्यानं वाचलं. येळ्ळूर म्हणताना अडला, पाटीकडे बघितलं, आणि दुसरा ळ स्वतःच घातला.